विटांवरची बाज

बाजेच्या पायांखाली विटा सरकवायचं काम चाललंय. मुलगा एकेक पाय उचलून धरतो, शेजारचा पोरगा वीट आत ढकलतो आणि फिजिओथेरपिस्ट ताई कमरेवर हात ठेवून सांगतात, "अजून एक." तोवर मावशींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलंय. आपल्या बाजेचं हे काय चाललंय, ते त्यांना मुळीच पटलेलं नाही. तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरलाय, पण कपाळाला आठ्या पडतात त्या दोन्ही बाजूंना सारख्याच. ताई मला ते डोळ्यांनी दाखवतात. नुसती चेहऱ्याची नस गेली असती तर उजवं कपाळही गुळगुळीत राहिलं असतं. इथे बिघाड मेंदूत आहे. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून ते वाचलंय.

विटा कशाला, तर बाज फार बुटकी आहे. तिच्यावर बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात, आणि तिथून उठायला धडधाकट माणसालाही हाताचा रेटा द्यावा लागतो. उंची वाढली की पायांवर भार देऊन उठता येतं. शिवाय सुंभ सैल झालाय, माणूस मध्ये खोल जातो आणि कमजोर कूस खाली दबून राहते. म्हणून विणीवर एक फळी, फळीवर दोन गोधड्या. मोठ्या रुग्णालयात या कामासाठी पलंगाला बटण असतं. इथे समोरच्या अर्धवट बांधकामावरून आणलेल्या विटा आहेत.

नंदुरबार शहराच्या कडेची ही वस्ती. जानेवारीची सकाळ, ऊन अजून ओट्यापर्यंत पोचलेलं नाही. घरांच्या पलीकडे मिरचीची पथारी दिसते. ओली लाल मिरची लिलावात घ्यायची, मोकळ्या रानावर पसरायची, वाळली की बायकांना देठ खुडायला बसवायचं, वजनावर मजुरी द्यायची, असा इथला हंगामी धंदा. मावशींचे कितीतरी हंगाम त्या ओळीत बसून गेले. मुकादमाशी भाव करायची वेळ आली की बायका यांनाच पुढे करायच्या, असं सून सांगते. वारा तिकडून आला की आम्हा सगळ्यांना ठसका लागतो, आणि हा ठसका आज ताईंच्या कामात आडवा येणार आहे.

सोळा दिवसांपूर्वी पहाटे भाकरी थापताना मावशींचा उजवा हात काठवटीतच राहिला. उचललेली भाकरी अर्धी तव्यावर, अर्धी चुलीत. काही बोलायला गेल्या तर नुसता आवाज. घरात कोणी लकवा म्हणालं, कोणी अंगावरून वारं गेलं म्हणालं. मोटारसायकलवर मध्ये बसवून, ओढणीने मुलाच्या कमरेला बांधून त्यांना आधी एका गावी नेलं. तिथे लकव्याचं तेल मिळतं. तेल चोळून झालं, दुपार टळली, हात हलेना, तेव्हा दवाखाना. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, म्हणजे गुठळी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ तेलात गेली होती. हे सांगताना मुलगा जमिनीकडे बघतो. ताई त्यावर एक शब्द बोलत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. त्या तासांवर आज बोलून त्याचा फक्त धीर सुटेल, आणि पुढचे तीन महिने त्याच धिरावर काढायचेत. मेंदूची सगळ्यात वेगाने होणारी सुधारणा साधारण याच काळात पदरात पडते.

"आधी पाणी," ताई म्हणतात.

मावशींना खुर्चीत ताठ बसवतात. दोन्ही तळपाय जमिनीला, हनुवटी किंचित खाली. एक चमचा पाणी. ताईंची बोटं गळ्यावर, घोट गिळताना कंठ वर सरकतो का ते बघत. तो उशिरा सरकतो. मावशी खोकतात. पण त्याच क्षणी सूनही खोकते, मीही खोकतो, ओट्यावरचा पोरगाही. खोकला पाण्याचा की पथारीचा? ताई हसतात, दार लावायला सांगतात, हवा बसू देतात आणि पुन्हा एक चमचा. या वेळी खोकला नाही. "आता आऽऽ म्हणा." मावशी म्हणतात. आवाज घरघरतो, घशात पाणी अडकल्यासारखा ओला येतो. ताईंना जे हवं होतं ते कळलं. पाणी थोडं चुकीच्या वाटेने उतरतंय.

"पातळ चहा, पाणी, ताक सध्या असं नाही द्यायचं. दाट पेज द्यायची. चमच्याने. बसवूनच. आणि गिळल्यावर आवाज ऐकायचा."

सुनेचा चेहरा पडतो. रात्री तहान लागली की ती आडव्या मावशींच्या तोंडात तांब्याने पाणी सोडत होती. आजारी माणसाच्या तोंडात पाणी घालण्याला आपल्याकडे केवढं पुण्य मानतात! पक्षाघातानंतरच्या दिवसांत माणूस दगावतो तो पुष्कळदा मेंदूमुळे नाही, फुप्फुसात असं काहीबाही उतरून झालेल्या न्यूमोनियाने. ताई हे तिला एवढ्या उघड शब्दांत सांगत नाहीत, मला बाजूला सांगतात. तिला फक्त म्हणतात, "तुम्ही बसवून द्या, बाकी तुमचं सगळं छान चाललंय."

आणि खरोखरच सगळं छान चाललंय, घोटाळा तिथेच आहे. सून घास भरवते, वेणी घालते, तोंड पुसते, कूस वळवते, पाय दाबते. पातळ नेसवायला वेळ लागतो म्हणून तिने मावशींना गाऊन घातलाय. मावशी डाव्या हाताने त्या गाऊनची कड चिमटीत धरून ताईंना दाखवतात आणि तोंड वाकडं करतात. लकव्याने झालंय त्याहून जास्त वाकडं. घरात कुणी आजारी पडलं की त्याला काडीही उचलू द्यायची नाही, यालाच आपण सेवा म्हणतो. मेंदूला ही सेवा परवडत नाही. एडवर्ड टाउब या अमेरिकी शास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की अवयव दुबळा होतो ते एक, पण तो वापरायचाच नाही ही सवयही मेंदूला लागते, आणि ती सवय मूळ दुबळेपणापेक्षा जास्त दिवस टिकू शकते. त्यातूनच पुढे चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताला कामाला लावायची पद्धत आली. मावशींसाठी ती आत्ताच नाही. त्या पद्धतीला मनगट आणि बोटं थोडी तरी उघडावी लागतात, यांची बोटं अजून जेमतेम मिटतात.

ताई उजव्या खांद्यावर बोट ठेवतात. खांद्याच्या टोकाखाली एक बोट मावेल एवढी फट पडलीय. स्नायू सैल पडल्यावर हाताच्या वजनाने सांधा खाली ओघळतो. "उठवताना बगलेत हात घालता का?"

"मंग कसं उठाडू?" मुलगा विचारतो.

प्रश्न रास्त आहे. लहानपणापासून त्याने प्रत्येक आजारी माणूस असाच उठवलेला पाहिलाय. ताई त्यालाच बाजेवर बसवतात, हात ढिला सोडायला सांगतात आणि बगलेतून उचलतात. तो "आयो" करतो. "तुझा सांधा घट्ट आहे, तरी दुखलं. तिचा सुटलाय." मग कमरेला पंचा गुंडाळून, पंच्याला धरून कसं उठवायचं ते दाखवतात. बसल्यावर कोपराखाली गोधडीची घडी. झोपताना हात उशीवर. कपडा घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. हे सगळं त्या एकदाच सांगतात आणि मुलाकडून करून घेतात. तो दुसऱ्यांदा चुकतो, तिसऱ्यांदा जमतं.

आता उभं राहणं. मावशी विटांवरच्या बाजेच्या काठावर. ताई समोर पाटावर बसून स्वतःच्या गुडघ्यांनी त्यांचा उजवा गुडघा अडवून धरतात, म्हणजे तो मध्येच मोडणार नाही. "पाय मागे घ्या. पुढे वाका. अजून. नाक पायाच्या बोटांच्या पुढे. आता उठा." पहिल्यांदा मावशी वाकतात आणि घाबरून मागे टेकतात. दुसऱ्यांदा ढुंगण बाजेवरून सुटतं, तेवढ्यात सून झेप घेऊन बगलेत हात घालते.

"हात मागे."

"पडी जाई ना ती, माले भेव वाटस."

"मी आहे ना पुढे. हात मागे."

सून हात पाठीमागे घेते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरून ठेवते. आज सकाळचं सगळ्यात अवघड काम तीच करतेय, असं मला वाटतं. तिसऱ्यांदा मावशी उठतात. पूर्ण. सगळा भार डाव्या पायावर, उजवा पाय नुसता टेकलेला. ताई त्यांची कंबर हलकेच उजवीकडे ढकलतात. पाय थरथरतो, टाच उचलते, पुन्हा टेकते. मावशी दहापर्यंत आकडे म्हणतात. नीट, स्पष्ट. तुमचं नाव काय, हे विचारल्यावर मात्र त्यांना नाव काढता येत नाही.

मुलाला आता उत्साह चढलाय. "मंग दिवसभर करू का? दवाखान्यातच बोललो होतो मी, पहिल्या दिवशीच चालवा म्हणून."

ताई त्याला खाली बसवतात. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘अव्हर्ट’ नावाचा अभ्यास छापून आला. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २१०४ रुग्ण. एका गटाला पहिल्या २४ तासांतच उठवून जास्तीत जास्त हालचाल दिली, दुसऱ्याला नेहमीच्या बेताने. सगळ्यांची अपेक्षा होती की लवकर आणि भरपूर म्हणजे चांगलं. तीन महिन्यांनी उलटं दिसलं. नेहमीच्या गटातले ५० टक्के रुग्ण चांगले सावरले होते, घाईच्या गटातले ४६. याचा अर्थ पडून राहावं असा नाही. पुढच्या तपासणीत दिसलं की थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा केलेलं कामी येतं. ताई मुलाला हे आकडे सांगत नाहीत. "औषधासारखं आहे," एवढंच म्हणतात, "सकाळी दोनदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी दोनदा. एकदम पट्टी संपवायची नाही."

औषधाचा विषय निघालाच आहे म्हणून त्या खुंटीवरची पिशवी उतरवतात. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, चरबीची गोळी. खाली एक जुनी, अर्धी भरलेली पट्टीही निघते, गेल्या वर्षीची. तीही रक्तदाबाचीच. बरं वाटतंय म्हणून बंद केलेली. मावशी खिडकीकडे बघू लागतात. कोनाड्यात मिसरीची डबी आहे, तिच्याकडेही ताई बघतात, आणि ती डबी कुणीतरी गुपचूप उचलून नेतं.

हातासाठी मुलाने कागदाच्या पुड्यात वाळलेल्या मिरच्या आणून ठेवल्यात. "हेच काम येतं ना तिला. देठ खुडू दे." ताई क्षणभर खरंच विचार करतात. ओळखीचं, अर्थाचं काम दिलं की सराव टिकतो, हे त्यांना माहीत आहे. रबरी चेंडू दाबत बसायचा कंटाळा येतो, म्हणून तो चार दिवसांत बाजेखाली जातो. पण उजव्या हाताला अजून स्पर्श पुरता कळत नाही. तोच हात नकळत डोळ्याला लागला तर? मिरच्या परत जातात, भुईमुगाच्या शेंगा येतात. थाळीत शेंगा, उजव्या पंजाने शेंग दाबून धरायची, डाव्याने फोडायची. धरण्यापुरतं का होईना, उजव्याला काम मिळालं. मावशींना हा खेळ जमतो. चार शेंगा फुटतात, पाचवी घरंगळून खाली जाते, आणि दाराच्या फटीतून आत आलेली कोंबडी ती पळवते.

"ए मेली!"

घर स्तब्ध होतं. मुलगा ओरडतो, "बोलली! माय बोलली!" सुनेच्या डोळ्यांत पाणी. मलाही वाटतं की झालं, आता सुटेल वाचा. ताई मात्र शांतपणे थाळी सरळ करतात. शिव्या, आकडे, वारांची नावं, पाठ झालेली गाणी ही बोलण्यातली वेगळीच तऱ्हा आहे. न ठरवता तोंडून येतात, आणि डाव्या मेंदूतलं भाषेचं केंद्र दुखावलेल्या माणसालाही पुष्कळदा येतात. मनातलं ठरवून बोलणं हे निराळं काम, त्याला वेळ लागणार. "पण आवाज जोरात आला, श्वास चांगला लागला," त्या म्हणतात. मावशी कोंबडीकडे बघतायत आणि पुन्हा तेच म्हणू पाहतायत. येत नाही. ताई विचारतात, "शेंग पाहिजे की पाणी?" त्या शेंगेकडे बोट दाखवतात. "बोट नको. शें…" ताई ओठ करून दाखवतात. बराच वेळ जातो. "शें," मावशी म्हणतात. यावर कुणी ओरडत नाही, पण ताई वहीत हेच लिहितात, कोंबडीचं नाही.

दारात एक काका येऊन उभे आहेत. सल्ला देण्यासाठीच आलेत. "कबूतर केलं का?" लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचं, हा उपाय महाराष्ट्रात गावोगाव सांगतात. काकांच्या मेव्हण्याला म्हणे त्यानेच उभं केलं. ताई वाद घालत नाहीत. मेव्हण्यांना किती दिवसांनी चालता आलं, विचारतात. दीड-दोन महिन्यांनी, काका सांगतात. "तेवढ्या दिवसांत ते रोज उठून काय करायचे?" काका आठवून सांगतात की भिंत धरून गोठ्यापर्यंत जायचे, बैलाला चारा टाकायला. "मग चारा टाकल्यानेच बरे झाले," ताई म्हणतात. काकांना हे पटलेलं दिसत नाही, पण बैलाचं कौतुक झाल्यामुळे ते खूश आहेत. जाताजाता सुरतेला न्यायचं सुचवतात. नंदुरबारात कुठल्याही दुखण्याची चर्चा शेवटी सुरतेला जातेच, भुसावळ-सुरत लोहमार्गानेच गेल्यासारखी.

मी ताईंना ओट्यावर गाठतो. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घ्यायचं, अशी कल्पना होती. आपल्यासारख्या देशाला किती सोयीची! सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी. मग इथे सून आणि मुलगा यांना शिकवून काय होणार?

"माहितीये मला तो," ताई म्हणतात. "खांदा निखळू नये, ठसका लागू नये, पाठीला जखम होऊ नये, एवढं घरच्यांना जमतं आणि तेवढं झालंच पाहिजे. पण माझं काम त्यांच्यावर टाकून मी मोकळी नाही होऊ शकत. त्यांना त्यांचं काम आहे ना."

याच वाक्यापाशी आपली सरकारी कागदपत्रं अडखळतात, असं माझं मत आहे. ‘कुटुंबाचा सहभाग’ लिहायला सोपं, पण ते कुटुंब हंगामात दिवसभर पथारीवर असतं, नाहीतर ऊसतोडीला गुजरातेत. गडचिरोलीत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि ‘सर्च’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, १४.३ टक्के, आणि बहुतेक जण घरीच गेले. पक्षाघात म्हणजे शहरातल्या सुखवस्तूंचा आजार, हा समज तिथेच संपायला हवा होता. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तर वर अक्राणी-अक्कलकुव्याचे पाडे आहेत, जिथून माणूस आधी झोळीतून रस्त्यापर्यंत येतो, मग चांदसैलीचा घाट, मग पुढचं. ताईंचा पुढचा रुग्ण तिकडचाच, तळोद्याला नातेवाइकांकडे आणून ठेवलेला. वय अकरा. सिकलसेल. विळ्याच्या आकाराच्या त्या रक्तपेशी मेंदूची वाहिनी लहानपणीच अडवू शकतात. सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. त्या मुलाला व्यायामाइतकीच वेळच्या वेळी रक्त चढवण्याची गरज आहे, आणि त्याची तारीख चुकू नये म्हणून ताई आत्ताच फोन लावतायत.

आत सुनेचाही फोन वाजतो. मुकादम. उद्यापासून येतेस का, नाहीतर दुसरी बाई बसवतो. ती ताईंकडे बघते. सोळा दिवसांची मजुरी बुडालीय, मुलगाही कामावर गेलेला नाही. थोडा वेळ सगळेच गप्प. मग हिशेब लागतो. सकाळचं सुनेने करून जायचं, दुपारी शाळेतून आलेल्या नातीने, रात्री मुलाने. पाणी नातीने द्यायचं नाही, दाट पेज करून झाकून ठेवायची. नात दहा-अकरा वर्षांची आहे, तिच्याकडून ताई दोनदा वदवून घेतात: आजीला बगलेतून उचलायचं नाही, आणि आजी एकटी उठायला लागली तर आरडाओरडा करायचा. पुरेसं नाही हे. ताईंनाही माहीत आहे. त्या गुरुवारी पुन्हा येणार.

"कितला दिन लागतीन?" मुलगा शेवटी विचारतोच.

ताई तारीख देत नाहीत. आधाराने चालणं लवकर जमेल असं दिसतं, हाताला जास्त वेळ, बोलण्याला किती ते बघत जायचं. मग मावशींसमोर वाकून सांगतात, "उभं राहायचं एका वेळी दहादा. दहा."

मावशी डावा हात वर करतात. पाच बोटं.

"पाच नाही. दहा."

हात तसाच. पाच.

"बरं, आठ."

मावशी विचार करतात. मूठ मिटतात, पुन्हा उघडतात, पाच, मग एकच अंगठा. सहा.

"आठ, मावशी. सातवर पण नाही येणार मी."

मावशी तोंड फिरवतात. सून हसत म्हणते, मुकादमालाही अशाच दमवायच्या. ताई पिशवी खांद्याला लावतात, गाडीची किल्ली शोधतात, पुन्हा वळून बघतात. डाव्या हाताची सात बोटं झालीयत.